जावईबापूंची पट्टी

मोडेम जोडला जाताना जो आवाज यायचा, तो आता कुठे ऐकायला मिळत नाही याचं मला खरंच वाईट वाटतं. आधी टेलिफोनची टूं, मग नंबर फिरल्याची टिकटिक, मग घशात काहीतरी अडकल्यासारखी खरखर आणि शेवटी एक लांब शिट्टी. ती शिट्टी थांबली की घरातली झाडून सगळी माणसं काँप्युटरच्या पडद्याकडे टक लावून बघायची. नव्व्याण्णव साली जळगावात इंटरनेट असलेली घरं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी होती आणि ते बिघडलं की त्यातल्या बऱ्याच जणांना माझी आठवण यायची. मी पिशवीत स्क्रूड्रायव्हर, फ्लॉप्यांचा डबा आणि दोन-चार सीड्या टाकायचे, स्कूटरला किक मारायचे आणि निघायचे. दार उघडणारा माणूस हमखास माझ्या मागे बघायचा, मेकॅनिक कुठाय म्हणून. "मीच," असं म्हणून मी चपला काढायचे. पुढे वीसेक वर्षं हाच धंदा केला, पण त्या पहिल्या दोन-तीन वर्षांतली मजा परत आली नाही. रोज काहीतरी नवंच बिघडायचं आणि ते का बिघडलं हे कुणालाच माहीत नसायचं. सकाळी उठल्यापासून कधी एकदा कुणाचा फोन येतो असं मला व्हायचं.

हे वेड वडिलांकडून आलं. आम्ही त्यांना आबा म्हणायचो. धुळ्याला पाचव्या गल्लीत त्यांचं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं. आम्ही तिघी बहिणी. दोघींना सोल्डरच्या धुराने ठसका लागायचा, मला तो वास आवडायचा, म्हणून शाळा सुटली की दुकानात मी. ऐंशीच्या दशकात टीव्ही गावोगाव पोचायला लागले होते, तेव्हा एकदा साक्रीहून एका गुरुजींचा निरोप आला की टीव्हीवर माणसांऐवजी नुसत्या सावल्या नाचतात. आठवडे बाजाराचा दिवस होता. एसटीत कोंबड्या, मिरच्यांची पोती आणि त्यात आम्ही बापलेक.

गुरुजींच्या टीव्हीला काय काय जोडलेलं होतं ते बघून मी थक्क झाले. काळं-पांढरं चित्र रंगीत दिसावं म्हणून समोर निळ्या, तांबड्या, हिरव्या पट्ट्यांची प्लॅस्टिकची काच. मागे साडूने दिलेला स्टॅबिलायझर. गच्चीवर अँटेनाच्या दांडीला ॲल्युमिनियमची जेवायची थाळी बांधलेली, ती शेजाऱ्याची अक्कल. आणि मेहुण्याने सुरतेहून आणलेला, सिग्नल वाढवणारा बूस्टर. मी टीव्हीचं मागचं झाकण खोलायला धावले तर आबांनी माझा हात धरला. म्हणाले, "पहिले भाईरनं बठ्ठं काढ. मंग आपलं देख." बाहेरून जोडलेलं सगळं आधी काढायचं, मग आपलं, म्हणजे आतलं, बघायचं. आम्ही एकेक वस्तू काढत गेलो. बूस्टर काढला आणि पडद्यावर बातम्या सांगणाऱ्या बाईचं कुंकूसुद्धा स्वच्छ दिसायला लागलं. मी ओरडणारच होते की मेहुण्याचा बूस्टर खराब आहे, पण आबांनी डोळे वटारले. गुरुजींची बायको दारातच उभी होती आणि बूस्टर तिच्या भावाचा होता. आबांनी तो कागदात गुंडाळला, दुकानात जरा तपासून पाठवतो म्हणाले, आणि चहा पिऊन आम्ही निघालो. बूस्टर दुरुस्त करून खरंच परत पाठवला त्यांनी.

पुढे माझं लग्न जळगावात झालं. मी काँप्युटरचा कोर्स केला, एका दुकानात नोकरी धरली आणि काही वर्षांनी स्वतःचंच बस्तान बसवलं. यंत्र बदललं तरी आबांचं ते वाक्य कामाला येतच राहिलं, ते कसं हे आता सांगते. ज्या खिडकीतून आपण इंटरनेट बघतो तिला ब्राउझर म्हणतात. ही खिडकी एक कंपनी बनवते, पण तिला लटकवायच्या छोट्या-मोठ्या वस्तू मात्र भलतीच माणसं बनवतात. सायकल एका कारखान्याची असते, पण कॅरियर, टोपली, घंटी, आरसा आपण बाजारातून आणून लावतो, तसंच. कुणाची घड्याळाची पट्टी, कुणाची गाणी वाजवणारी, कुणाची शोध घेणारी. इंग्रजीत यांना थर्ड पार्टी म्हणतात, म्हणजे आपल्याकडचे तिऱ्हाईत. या जोडण्या एकमेकींशी भांडल्या की खिडकी धाडकन मिटते आणि माणसाला वाटतं की काँप्युटरच गेला.

आपल्याकडे या जोडण्यांचा सुळसुळाट व्हायचं कारणही आपलंच होतं. शिंदखेड्याला एक वकीलसाहेब होते, मोठे सज्जन. त्यांच्या ब्राउझरवर एकाखाली एक नऊ पट्ट्या बसलेल्या आणि मूळ पान दिसायला जेमतेम चार बोटं जागा उरलेली. एवढ्या कशाला घेतल्यात, असं विचारलं तर वकीलसाहेब म्हणाले, पडद्यावर एक चौकट येते, ती विचारते की ही पट्टी हवी का. समोरचा इतक्या आग्रहाने विचारतोय तर तोंडावर नाही कसं म्हणायचं? कोर्टात दिवसभर समोरच्याला हाणून पाडणारा हा माणूस काँप्युटरला मात्र नाही म्हणू शकत नव्हता. मी हसून हसून बेजार झाले. पण मनात म्हटलं, हे फक्त आपल्याच लोकांना सुचू शकतं.

यावर उपाय सोपा होता. ब्राउझरच्या सेटिंगमध्ये खूप खाली एक ओळ होती, तिऱ्हाईतांच्या जोडण्या चालू ठेवा म्हणणारी. तिच्यापुढची बरोबरची खूण काढायची आणि काँप्युटर बंद करून पुन्हा सुरू करायचा. एका खुणेसरशी सगळ्या जोडण्या गप्प बसायच्या. पुसलं काहीच जायचं नाही. मग खिडकी नीट चालली तर दोष बाहेरच्यांचा, आणि त्यातला नेमका चोर कोण ते सवडीने शोधायचं. हे मला झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगता आलं असतं. म्हणूनच जळगावच्याच पिंप्राळ्यात त्या दिवशी मी जे केलं त्याची मला अजून लाज वाटते.

पिंप्राळ्यातले नाना मूळचे रावेरकडचे, केळीचे बागायतदार. बागा थोरल्या भावावर सोपवून ते इथे कॉलनीत येऊन राहिले होते. एकुलती मुलगी लग्न होऊन पुण्याला गेली होती आणि जावयानेच हट्टाने त्यांना काँप्युटर आणि इंटरनेट घ्यायला लावलं होतं. मुलगी ई-मेल करायची आणि नाना ती मोठ्याने वाचून अक्कांना, म्हणजे त्यांच्या बायकोला, ऐकवायचे. नाना मनाने मोठे होते. अख्ख्या कॉलनीला त्यांनी सांगून ठेवलं होतं की कुणाचं काही काम असेल तर माझ्याकडे येऊन करा. पैशाचं नाव काढलेलं त्यांना खपायचं नाही.

मागच्याच गल्लीत इंगळे भाऊ राहायचे. ते एसटीच्या वर्कशॉपमध्ये फिटर होते. त्यांची मुलगी करुणा रसायनशास्त्रात एम.एस्सी. झाली होती, आणि तीही अशी तशी नाही. तिने जर्मनीतल्या एका विद्यापीठात संशोधनासाठी अर्ज केला आणि चक्क निवड झाली. इंगळ्यांच्या घरातून तोवर मुंबईच्या पुढे कुणी गेलं नव्हतं. तिचा सगळा पत्रव्यवहार नानांच्या काँप्युटरवरून चालायचा, त्यामुळे निवडीची बातमी सगळ्यात आधी नानांनाच कळली. ते पायात चप्पल न घालता इंगळ्यांच्या दारात गेले आणि "भाऊ, पोरगी जर्मनीले चालली" असं म्हणून तिथेच ओट्यावर बसले, असं इंगळे भाऊ नेहमी सांगायचे.

आता अडचण अशी झाली की जागा पक्की करायला विद्यापीठाच्या इंटरनेटवरच्या पानावर दोन पानी फॉर्म भरायचा होता. त्यांनी तारीख आणि वेळ दिली होती, तिथल्या दुपारी बारापर्यंत, म्हणजे आपल्याकडे साडेतीन. नाही भरला तर जागा यादीतल्या पुढच्या माणसाला. करुणा आदल्या दिवशी बसली तर फॉर्म भरून झाला की शेवटच्या बटणावर खिडकी मिटायची. पाच वेळा भरला, पाचही वेळा मिटली. म्हणून शेवटच्या दिवशी सकाळी अकराला मला फोन आला. मी खुशीतच गेले. जर्मनीचा फॉर्म, आणि तो माझ्या हातून जाणार! मला तर शीळ घालावीशी वाटत होती.

जाऊन बघते तर ब्राउझरवर तीन जोडण्या होत्या. एक घड्याळ आणि हवामान दाखवणारी पट्टी. एक नानांच्या भुसावळच्या पुतण्याने टाकलेली गाण्यांची पट्टी. आणि तिसरी माझी. हो, माझीच. महिनाभरापूर्वी पुण्याच्या एका प्रदर्शनातून मी ती सीडी आणली होती. एकदा भरलेलं नाव, गाव, पत्ता ती लक्षात ठेवायची आणि पुढच्या वेळी फॉर्म आपोआप भरून द्यायची. मी इतकी हरखून गेले होते की माझ्या सगळ्या गिऱ्हाइकांच्या काँप्युटरवर ती फुकट बसवून दिली होती. लोक टाळ्या वाजवायचे आणि मी फुगायचे.

नेहमीप्रमाणे मी ती एक खूण काढायला हवी होती. पण खूण काढली की माझी जोडणीही बंद पडणार, आणि मग दोन पानी फॉर्म दर वेळी हाताने भरत बसावं लागणार. वेळ आधीच कमी. मी विचार केला की माझी राहू दे, बाकीच्या दोन काढून टाकू. आणि सगळ्यात जड दिसत होती ती घड्याळाची पट्टी. मी नानांना म्हटलं, आधी ही काढते.

नाना म्हणाले, "धोंड्याच्या महिन्यात जवाईबापूंनी आपल्या हातानं बसवलेलं हाये ते. त्याईले न विचारता मी कसं काढू?"

नुकताच अधिक महिना होऊन गेला होता. जावयाला वाण द्यायला नानांनी मुलगी-जावयाला बोलावलं होतं. अक्कांनी खापरावरचे मांडे आणि आमरस केला होता, तेहतीस अनारसे जावयाच्या पदरात घातले होते. आपण सासऱ्यांना काय द्यावं, म्हणून जावयाने काँप्युटरवर ही पट्टी बसवून दिली होती. तिच्यावर पुण्याचं तापमान दिसायचं. नाना रोज सकाळी काँप्युटर लावायचे आणि स्वयंपाकघराकडे तोंड करून सांगायचे, आज पोरीकडे एकोणतीस. आज पोरीकडे पाऊस हाये. तेवढ्यासाठी ते टेलिफोनचं बिल भरायचे. ती पट्टी काढायची म्हणजे जावयाने दिलेलं परत केल्यासारखं, शिवाय पोरीच्या गावची हवा गेली ती वेगळीच.

मी म्हटलं, मग जावयांना विचारा. तर फोनची लाइन एकच. इंटरनेट तोडलं आणि पुण्याला त्यांच्या ऑफिसात फोन लावला. साहेब मीटिंगमध्ये आहेत. पुन्हा लावला, लाइन लागेना. मधल्या वेळात इंगळे भाऊ सायकलवर शहरातल्या सायबर कॅफेत जाऊन आले. त्या भागातली वीज गेलेली आणि शटर अर्धं खाली. सव्वादोन वाजले. इंगळे भाऊ वर्कशॉपच्या खाकी कपड्यांतच दाराशी बसले आणि हातातली टोपी एकसारखी दुमडत राहिले. करुणा खुर्चीवर ताठ बसलेली, तिच्या फायलीतली पानं एकदम व्यवस्थित लावलेली. मला तिच्याकडे बघवेना, आणि खरं सांगते, मला नानांचा राग आला. एका पट्टीपायी पोरीचं आयुष्य अडवून ठेवायचं म्हणजे काय? मी बोललेसुद्धा. म्हटलं, नाना, जावई रागावले तर एक दिवस रागावतील, पण ही जागा पुन्हा यायची नाही. चूक त्या पट्टीचीच आहे, मी लिहून देते.

लिहून देते म्हणाले मी, सगळ्यांदेखत.

नानांनी करुणाकडे बघितलं. मग खिडकीकडे तोंड फिरवलं आणि म्हणाले, "काढ."

मी पट्टी काढली. काँप्युटर पुन्हा सुरू केला, शिट्टी वाजली, पान उघडलं. माझ्या लाडक्या जोडणीने फॉर्म झटक्यात भरला. करुणाने शेवटचं बटण दाबलं आणि खिडकी मिटली.

पुतण्याची गाण्यांची पट्टी मी कुणाला न विचारताच उडवली. पुन्हा सुरू, पुन्हा शिट्टी, पुन्हा फॉर्म, पुन्हा बटण. पुन्हा मिटली. तीन वाजायला आले. तेव्हा करुणा अगदी हळू आवाजात बोलली.

"ताई, अजून एक आहे ना? फॉर्म भरून देते ती?"

"ती माझी आहे," मी म्हटलं.

एवढंच म्हटलं मी, जसं काही हे उत्तर झालं. करुणाने मान हलवली आणि ती गप्प बसली. तिने आणखी एक शब्द काढला असता तर मी चिडले असते. ती गप्प बसली आणि माझेच शब्द माझ्या कानात परत आले. आबांच्या त्या वाक्याचा मी आयुष्यभर पहिलाच भाग वापरला होता. बाहेरचं काढायची मला घाई. आपलं बघायची वेळ आली की मी लोकांचेच बूस्टर काढत बसले होते.

तीन वाजून सात मिनिटांनी मी ती खूण काढली. आता काँप्युटर पुन्हा सुरू व्हायला चार मिनिटं. नंबर फिरवला तर एंगेज. पुन्हा फिरवला, एंगेज. अक्का देवघरात जाऊन दिवा लावून आल्या. तिसऱ्यांदा शिट्टी वाजली तेव्हा दाराशी इंगळे भाऊ उठून उभे राहिले होते. पान उघडायला लागलं, वरून खाली, एकेक ओळ. आता फॉर्म हाताने भरायचा होता. करुणा फायलीतून वाचत होती आणि मी टाइप करत होते, इतक्या वेगात मी पुन्हा आयुष्यात कधी टाइप केलं नाही. एका ठिकाणी वडिलांचा व्यवसाय विचारला होता. करुणा म्हणाली, फिटर. मी फिटर लिहिलं आणि पुढे सरकले. तीन सव्वीसला तिने बटण दाबलं.

खिडकी मिटली नाही. पडदा पांढरा झाला, तसाच राहिला, आणि मग दोन ओळी आल्या. करुणाने त्या मनात वाचल्या आणि वळून वडिलांना म्हणाली, "मिळालं, बाबा. त्यांना मिळालं."

इंगळे भाऊंनी टोपी तोंडावर धरली आणि ते रडले. नाना त्यांच्या पाठीवर थापा मारत होते आणि स्वतःच रडत होते. अक्कांनी सगळ्यांच्या हातावर साखर ठेवली. मी तर नाचलेच. बत्तीस वर्षांची, दोन मुलांची आई, आणि नानांच्या बैठकीत टुणटुण उड्या मारत होते. इतका आनंद मला स्वतःच्या कुठल्याच निकालाच्या वेळी झाला नव्हता.

त्या गोंधळात नाना डोळे पुसत काँप्युटरकडे आले. पट्टी होती ती जागा आता रिकामी होती. ते म्हणाले, "म्हणजे जवाईबापूंचीच पट्टी नडत होती तर."

मी म्हटलं, "हं."

एक अक्षर. तेव्हाच सांगायला हवं होतं. पण सगळे माझं कौतुक करत होते, इंगळे भाऊ मला हात जोडत होते. मी विचारलं, नाना, आता फॉर्म गेलाय, पट्टी पुन्हा बसवून देऊ का? नाना म्हणाले, राहू दे, नको आता ते. मी पिशवी उचलली. त्याच आठवड्यात मी माझ्या सगळ्या गिऱ्हाइकांकडे फिरले आणि फुकट तपासणी करते असं सांगून माझी ती जोडणी गुपचूप काढून टाकली, नानांकडचीसुद्धा. दोन ठिकाणी तर तिने तसाच घोळ घातला होता आणि त्या बिचाऱ्यांना वाटत होतं की टेलिफोनच्या लाइनचा दोष आहे.

पावसाळ्यात दोनदा नानांकडे जाणं झालं. एकदा ते पेपर उघडून बसले होते आणि बोट फिरवून काहीतरी शोधत होते. पुण्याचं तापमान. पेपरात ते आदल्या दिवशीचं असायचं. नानांनी ते अक्कांना सांगितलंच नाही, नुसतं वाचलं आणि पान उलटलं. मला सांगावंसं वाटलं, पण जीभ रेटेना.

करुणा सप्टेंबरात गेली. जायच्या आधी मला भेटायला आली, जयभीम ताई म्हणाली, पेढे दिले. त्या दिवसाबद्दल काहीच बोलली नाही. काढत काढत शेवटी एकच जोडणी उरली होती आणि तीच बंद केल्यावर काम झालं, एवढा हिशोब रसायनशास्त्रात एम.एस्सी. झालेल्या मुलीला येत नसेल असं मला वाटत होतं की काय, कोण जाणे.

दिवाळीत भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी नानांनी आम्हाला जेवायला बोलावलं. मी, माझे मिस्टर, इंगळे पतिपत्नी, आणि पुण्याहून मुलगी-जावई आलेले. जावयांना मी तेव्हाच पहिल्यांदा बघितलं. सडपातळ, चष्मा, अगदी हळू बोलणारे. पानावर बसायच्या आधी ते माझ्यापाशी आले आणि त्यांनी हात जोडले. म्हणाले, ताई, माझ्या पट्टीमुळे करुणाची जागा जात होती. तुम्ही होतात म्हणून वाचलो, नाहीतर मी या घरात तोंड दाखवू शकलो नसतो. मी काहीतरी पुटपुटले आणि पानावर जाऊन बसले. नानांची मुलगी नवऱ्याकडे बघत होती आणि नाना जावयाशी अदबीने, पण जरा लांबूनच बोलत होते. दिवाळीला आलेल्या प्रत्येक पाहुण्याला त्या घरात ती पट्टीची गोष्ट सांगून झाली होती.

जेवणं झाल्यावर नानांनी सगळ्यांना काँप्युटरभोवती बसवलं. करुणाची दिवाळीची ई-मेल आली होती आणि ती त्यांनी आज सगळ्यांदेखत वाचायची म्हणून राखून ठेवली होती. शिट्टी वाजली. नाना चष्मा लावून वाचू लागले. थंडीचं वर्णन होतं, बटाटे खाऊन कंटाळा आल्याचं होतं, अक्कांच्या शेवेची आठवण होती. मग पुढची ओळ आली. "इथे प्रयोगशाळेत यंत्र अडलं की सगळे एकमेकांच्या जोडण्यांना दोष देतात. मी ताईंनी त्या दिवशी केलं तसं करते. आधी माझीच काढून बघते. ताईंना सांगा."

नाना थांबले. माझ्याकडे बघून इतक्या कौतुकाने हसले की मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. जावईसुद्धा हसले. त्या मुलीने जर्मनीत बसून माझी चूक झाकली होती, आणि तीच माझा चांगुलपणा म्हणून मला परत दिली होती.

मी उठून उभी राहिले आणि म्हटलं, "नाना, पट्टीचा काही दोष नव्हता. दोष माझ्या जोडणीचा होता. मला त्याच दिवशी कळलं होतं आणि मी तुम्हाला सांगितलं नाही."

माझे मिस्टर माझ्याकडे बघत राहिले, कारण त्यांनाही मी हे सांगितलं नव्हतं. अक्कांनी पदर तोंडाला लावला. नानांचं तोंड लालबुंद झालं आणि मला वाटलं की आता या घराचं दार मला बंद. ते खुर्चीवरून उठले, ती खुर्ची त्यांनी स्वतःच्या हाताने सरळ केली आणि जावयाला म्हणाले, "बापू, बसा इथं. तुमची पट्टी लावा." आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "अन् तू इकडे बस. पाह्य."

मी शेजारच्या स्टुलावर बसले. जावयांनी बॅगेतून सीडी काढली. ती त्यांच्याबरोबर होती, म्हणजे सासरे कधीतरी परत लावायला सांगतील या आशेनेच ते आले होते. सेटिंगमधली ती खूण त्यांनी पुन्हा लावली, काँप्युटर पुन्हा सुरू केला. शिट्टी वाजली. घड्याळ आलं, त्याच्या शेजारी पुण्याचं तापमान आलं, आणि खाली करुणाचं पत्र उघडलं. नानांनी वाकून आकडा वाचला. मुलगी समोरच बसलेली असताना ते नेहमीसारखंच स्वयंपाकघराकडे तोंड करून अक्कांना म्हणाले, आज पोरीकडे सव्वीस.

मग त्यांनी पत्र पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचायला घेतलं. मी शेवटपर्यंत पडद्याकडे बघत बसले होते. खिडकी एकदाही मिटली नाही.